समोरच्या आंटींनी माहजाँगला बोलावलंय, जाऊ का? (आणि बाकीचे प्रश्न)

यावेळी सिंगापूरहून आलेले प्रश्न एकाच दिशेने जात होते, त्यात पुण्याच्या एका काकूंचं पत्रही नेमकं त्याच विषयावर आलं, म्हणून हा सगळा कॉलम माहजाँग (टाइल्स म्हणजे कोरीव ठोकळे घेऊन खेळायचा चिनी खेळ) आणि चिनी संगीतालाच दिलाय. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही सिंगापूरला एचडीबीत (सरकारी गृहसंकुलात) राहतो. आमच्या इथल्या कम्युनिटी क्लबमध्ये शनिवारी संध्याकाळी माहजाँग आणि पारंपरिक चिनी संगीताचा कार्यक्रम आहे, समोरच्या फ्लॅटमधल्या आंटींनी स्वतः दार वाजवून बोलावलंय. पण खेळ अजिबात येत नाही, मँडरिन येत नाही, आणि बहुतेक सगळे साठीच्या पुढचे असणार. नुसतं जाऊन बसलं तर अवघडल्यासारखं होईल का?

उत्तर: जा, नक्की जा. आंटींनी दार वाजवून बोलावलंय म्हणजे तुम्ही यावं असं त्यांना मनापासून वाटतंय, ते आमंत्रण वाया घालवू नका. आणि तिथे गेल्यावर खाण्याच्या टेबलाजवळ आपल्या ओळखीच्या लोकांत उभं राहून परत येऊ नका, थेट खेळाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसा. माहजाँग चार जणांचा खेळ आहे आणि चौथा गडी मिळत नाही ही सगळीकडचीच रड असते, त्यामुळे शिकायला तयार असलेला माणूस कोणालाही हवाच असतो.

रमी येत असेल तर अर्धा खेळ तुम्हाला येतोच. हातात तेरा टाइल्स, एक उचलायची एक टाकायची, आणि चौदाव्या टाइलला डाव लावायचा. डाव म्हणजे तीन-तीनचे चार सेट आणि एक जोडी. सेट एकतर सलग आकड्यांचा (त्याला ची म्हणतात) किंवा तीन सारख्या टाइल्सचा (पोंग), चार सारख्या आल्या तर कांग. फरक इतकाच की कोणीही टाकलेली टाइल तुमची पाळी नसतानाही पोंग म्हणून उचलता येते, आणि ची मात्र फक्त तुमच्या डावीकडच्याने टाकलेल्या टाइलवर. हे एवढं डोक्यात ठेवलं तरी पहिला तास आरामात निघतो.

टाइल्स ओळखायचं म्हणाल तर तीन रंग, म्हणजे आपल्या पत्त्यांत बदाम इस्पिक असतं तसे: गोल, बांबू आणि चिनी आकडे. प्रत्येकात एक ते नऊ, प्रत्येक टाइल चार वेळा, झाल्या १०८. मग चार दिशांचे वारे चार-चार म्हणजे १६, आणि लाल हिरवा पांढरा असे तीन ड्रॅगन चार-चार म्हणजे १२. वर फुलांच्या आणि ऋतूंच्या मिळून आठ. सगळ्या मिळून १४४. गोल आणि बांबू मोजता येतात म्हणून प्रश्नच नाही, फक्त बांबूच्या एक्क्यावर बांबू नसतो, पक्षी असतो, तिथे सगळे नवे लोक अडतात. आकड्यांसाठी जाण्याआधी फोनवर एक ते नऊची चिनी अक्षरं बघून घ्या, त्यातल्या एक दोन तीन म्हणजे नुसत्या एक दोन तीन आडव्या रेघा आहेत त्यामुळे शिकायची फक्त सहाच उरतात. शुक्रवारी रात्री बसलात तर शनिवारपर्यंत पाठ होतील.

सुरुवातीला सगळ्या टाइल्स उलट्या करून टेबलावर आठ हातांनी गोल गोल फिरवतात, त्याचा जो खळखळाट होतो ना तो माझा अत्यंत आवडता आवाज आहे. तेव्हा हात मागे ठेवू नका, तुम्हीही घाला हात, तिथेच निम्मी भीड मोडते. मग प्रत्येकाने आपल्यासमोर दोन मजली भिंत बांधायची, १४४ चा सेट असेल तर अठरा-अठराच्या दोन ओळी. फासे टाकून भिंत कुठून फोडायची ते ठरतं आणि चार-चार टाइल्स उचलत वाटप होतं. बसायच्या जागांना पूर्व दक्षिण पश्चिम उत्तर अशी नावं असतात, आणि पाळी उजवीकडे सरकते, म्हणजे पूर्वेच्या उजव्या हाताला दक्षिण बसते. हे नकाशाशी जुळत नाही, त्यावर डोकं लावत बसू नका.

आणि एक गोष्ट मुद्दाम बघा. मुरलेल्या आंटी अंकल टाइल उचलली की ती वळवून बघतच नाहीत, अंगठा खालून कोरीव भागावर फिरवतात आणि हातात काय आलं ते कळलेलं असतं. नको असेल तर न बघताच टाकून मोकळे होतात, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. पांढरा ड्रॅगन सगळ्यात सोपा, तो काही सेटमध्ये सपाट कोरा असतो. तुम्हीही करून बघा, आणि आंटींना तुमचा अंगठा धरून शिकवायला सांगा, त्यांना फार आवडेल.

पाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. टाकलेली टाइल परत घ्यायची नाही. खेळणाऱ्याच्या मागे उभं राहून त्याच्या टाइल्सबद्दल बोलायचं नाही. आणि खेळताना कोणाच्या खांद्यावर थाप मारू नका, बरेच जुने लोक त्याला अपशकुन मानतात, आपल्याकडे निघताना मागून हाक मारली की आजी चिडायची तसंच. डाव लागला असं वाटलं तर जाहीर करण्याआधी शेजारच्याला दाखवून घ्या, कारण सिंगापूरच्या पद्धतीत नुसता डाव पूर्ण होऊन चालत नाही, निदान एक ताय म्हणजे एक गुण तरी हातात असावा लागतो. पहिल्या दिवशी ते कोणीतरी तपासून देईलच.

प्रश्न: सासूबाई सध्या आमच्याकडे आल्यात. माहजाँगचं नाव काढलं तर म्हणाल्या हा जुगार आहे, घरातल्या बाईमाणसाने तिथे जाऊन बसायचं नाही. त्यांना काय सांगू? आणि इथल्या कायद्याने चालतं का?

उत्तर: सासूबाईंचं अगदीच चूक नाही, माहजाँग पैसे लावून खेळतात हे खरंच आहे. चीनमध्ये १९४९ नंतर याच कारणाने या खेळाला जुगार ठरवून बंद पाडलं होतं, तो उघडपणे परत आला तो १९८० च्या दशकात, आणि १९९८ साली तिथल्या सरकारी क्रीडा खात्याने स्पर्धेचे अधिकृत नियम काढले, त्यात पैशांचा संबंध नाही. म्हणजे खेळ एक आणि त्यावर लावलेले पैसे दुसरे, हे तिथल्या सरकारनेही मान्य केलं.

सिंगापूरमध्ये २०२२ च्या जुगार नियंत्रण कायद्याने घरात, आपल्या माणसांत, मित्रांत समोरासमोर बसून थोडे पैसे लावून खेळायला परवानगी आहे, मात्र कोणी त्यावर धंदा करायचा नाही. कम्युनिटी क्लब हे घर नव्हे, तिथे प्लास्टिकच्या चिप्सवर हिशेब ठेवायचा आणि रात्री चिप्स डब्यात परत, इतकंच असतं. सासूबाईंना सोबत घेऊन जा असं मी म्हणेन. आपल्याकडे दिवाळीत घरोघरी पत्ते बसतात, त्यात आज्यासुद्धा हिरिरीने खेळतात, ते त्यांनी पाहिलेलं असणारच. तिथल्या पंच्याहत्तरीच्या आज्या डाव मांडून बसलेल्या बघितल्या की त्यांचं मत आपोआप बदलेल, तुम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

आणि घरी कोणी खेळायला बोलावलं आणि तिथे पैसे लावतायत असं दिसलं तर आधीच सरळ सांगा की मी पैशाने खेळत नाही. कोणी वाईट वाटून घेत नाही. डाव सुरू झाल्यावर मध्येच सांगू नका एवढंच.

प्रश्न: माझी आई थोडं गाणं शिकलेली आहे, हार्मोनियम वाजवते. मागच्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात तिला घेऊन गेले होते तर ती सारखी म्हणत होती अगं हा तर भूप आहे, हा दुर्गा आहे. खरंच तसं असतं की तिला नुसतं वाटत होतं?

उत्तर: आईचा कान पक्का आहे! मला या प्रश्नाचा इतका आनंद झाला की काय सांगू, कारण या विषयावर मी कितीही वेळ बोलू शकते.

चिनी पारंपरिक संगीताचा पाया पाच सुरांचा आहे. सा रे ग प ध, म्हणजे सरळसरळ भूपाचे सूर. आता गंमत अशी की त्यांच्याकडे याच पाच सुरांपैकी कोणता सूर घर मानायचा यावरून पाच प्रकार होतात, त्यांना गोंग, शांग, ज्युए, झ आणि यू म्हणतात. आईला हार्मोनियमवर बसवा आणि भूपाच्या पट्ट्या न बदलता रे ला सा मानून वाजवायला सांगा, मधमाद सारंगाचे सूर येतील. ग ला सा माना, मालकंस. प ला सा माना, दुर्गा. ध ला सा माना, धानी. म्हणजे त्यांचे पाच प्रकार ते आपले पाच राग, निदान सुरांपुरते तरी. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात हे आईला माहीत असेलच. तेव्हा तिने भूप आणि दुर्गा दोन्ही ओळखले ते अगदी बरोबर.

पण सूर तेच म्हणून राग तोच, असं मात्र म्हणता येणार नाही. आपला भूप गंधारावर किती रेंगाळतो, रे वर कसा येतो, धैवत कसा लावतो यातून भूप होतो, तिथे चाल वेगळी, थांबायच्या जागा वेगळ्या. चिनी धून बहुतेकदा आधी बांधलेली असते, वाजवणारा ती सजवतो, आपल्यासारखी तासभर बढत करत बसत नाही. आईने हा फरक कानात ठेवून पुन्हा ऐकावं, जास्त मजा येईल.

दुसरी गोष्ट, कार्यक्रम संपल्यावर वादकांच्या स्टँडवरचा कागद बघायला मागा. त्यावर पाश्चात्य रेघांचं नोटेशन क्वचितच असतं, बहुतेक ठिकाणी एक ते सात आकडे लिहिलेले असतात. एक म्हणजे सा, दोन रे, असं. आकड्याच्या वर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र, अगदी भातखंड्यांच्या स्वरलिपीत असतं तसंच. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात सा कुठला धरायचा ते लिहिलेलं असतं. आकड्याखाली रेघ आली की सूर निम्म्या वेळाचा, दोन रेघा म्हणजे पाव. एवढं कळलं की आई तो कागद तिथल्या तिथे सरगम म्हणून गाऊन दाखवू शकेल, आणि मग बघा वादक मंडळी तिच्याभोवती कशी गोळा होतात! भाषा न येता गप्पा मारायचा याहून चांगला रस्ता मला तरी माहीत नाही.

वाद्यांबद्दल थोडं. अरहू या गजाने वाजवायच्या वाद्याला दोनच तारा, आणि गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून ओवलेले असतात, त्यामुळे गज वाद्यापासून सुटा होतच नाही, बाहेर ढकलला की एक तार, आत ओढला की दुसरी. खाली बोट टेकवायला फळी नसते, बोट तारेवर अधांतरी, म्हणून मींड इतकी मऊ येते. वूशीच्या आबिंग नावाच्या अंध वादकाचं १९५० साली झालेलं ध्वनिमुद्रण मिळालं तर आईला ऐकवा, तो त्याच वर्षी गेला, जेमतेम सहा धुना मागे राहिल्या. पिपा (छेडून वाजवायचं चार तारांचं वाद्य) वाजवणाऱ्या मुली कार्यक्रमाआधी कोपऱ्यात बसून उजव्या हाताच्या पाचही बोटांना चिकटपट्टीने खोटी नखं बांधत असतात, ते जवळून बघण्यासारखं असतं, प्रत्येक नखाचा कोन अगदी नीट लावून घेतात. गुझेंग या आडवं ठेवून छेडायच्या वाद्याला २१ तारा, पाच सुरांत लावलेल्या म्हणजे चार सप्तकं आणि वर एक सा, आणि मध्यम किंवा निषाद हवा असेल तर घोडीच्या डावीकडे तार दाबून तो काढायचा.

आणि सिंगापूरमध्ये आहात तर नानयिन ऐकल्याशिवाय राहू नका. चीनच्या फूच्यान प्रांतातून आलेल्या होक्किएन लोकांचं हे जुनं संगीत, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, आणि सिंगापूरमधली सिओंग लेंग ही संस्था १९४१ पासून ते जपतेय. यात गाणारा मधे बसतो, हातात लाकडी पट्ट्या, त्यावर तोच ताल दाखवतो. बाजूला पिपा (आडवी धरलेली, जुन्या पद्धतीने), सानश्येन (तीन तारांचं वाद्य), उभी बासरी आणि एक छोटं गजाचं वाद्य. इतकं सावकाश आणि हळू आवाजात चालतं की पहिली पाच मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं, विलंबित ख्यालाची सवय असलेल्या तुमच्या आईला मात्र तसं वाटणार नाही. ते चालू असताना शेजारच्या टेबलावर टाइल्स खळखळवणं मला अजिबात पटत नाही, आणि आयोजकांना माझं सांगणं आहे की आधी संगीत, मग खेळ, किंवा मग दोन खोल्या.

अजून एक सांगते. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, जात कहाँ हो, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच तबकडीवर ग्वान पिंगहू यांनी गुछिन या सात तारांच्या वाद्यावर वाजवलेली वाहत्या पाण्याची धून आहे, सात मिनिटांच्या वर. दोन्ही एकामागून एक ऐका, आईला सोबत घेऊन.

प्रश्न: मी पुण्याहून लिहितेय. माझे सासरे हवाई दलात होते, सासूबाई मेसमधल्या बायकांबरोबर माहजाँग खेळायच्या. त्यांचा सेट माळ्यावर सापडला. मी टाइल्स मोजल्या तर १४८ भरल्या, सगळीकडे तर १४४ लिहिलंय. जास्तीच्या चार टाइल्सवर मांजर, उंदीर, कोंबडा आणि गोमेसारखं काहीतरी आहे. दुसऱ्या कुठल्या खेळाच्या मिसळल्या असतील का?

उत्तर: काकू, एकही टाइल फेकू नका! ही गोमच आहे आणि सेट पूर्ण आहे, सिंगापूर-मलेशियाकडच्या पद्धतीचा. मांजर उंदराला पकडतं, कोंबडा गोमेला. हे प्राणी फुलांसारखेच बाजूला उघडे ठेवायचे, त्याबदल्यात भिंतीच्या शेपटाकडून दुसरी टाइल उचलायची, आणि डाव लागला तर प्रत्येक प्राण्याचा जास्तीचा गुण मिळतो. मांजर आणि उंदीर दोन्ही एकाच्याच हातात आले तर बाकीच्यांनी त्याला तिथल्या तिथे चिप्स द्यायच्या. बहुधा कोणीतरी सिंगापूरहून आणला असेल.

भारतात हा खेळ टिकवला त्यात सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या बायकांचा वाटा फार मोठा आहे आणि त्याची नोंद कोणी नीट ठेवलेली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. सासूबाईंच्या मैत्रिणींपैकी कोणी असतील तर त्यांच्याकडे जा, त्या कोणत्या नियमांनी खेळायच्या ते विचारून वहीत लिहून ठेवा. कारण गावोगावी नियम बदलतात: जपानी लोक फुलं काढून १३६ टाइल्सवर खेळतात, सिचुआनमध्ये वारे आणि ड्रॅगनही काढून फक्त १०८ वर, तैवानमध्ये हातात तेराऐवजी सोळा टाइल्स, आणि अमेरिकेत १९३७ पासून एक संघटना आहे, ती जोकर धरून १५२ टाइल्सचा खेळ चालवते आणि दरवर्षी डावांचं नवं कार्ड काढते. तुमच्या सासूबाईंचे नियम यातल्या कशाशीच पूर्ण जुळणार नाहीत, म्हणून ते लिहून ठेवणं महत्त्वाचं.

टाइल्सच्या पाठीला बांबू आणि पुढे हाड असेल तर पाण्याने धुऊ नका, उन्हातही ठेवू नका, सांधे उकलतात. कोरड्या सुती फडक्याने पुसा. आणि खेळा, काकू. माळ्यावर परत ठेवू नका.

प्रश्न: मोबाईलवर माहजाँग खेळते, जोड्या लावायच्या. तोच खेळ ना?

उत्तर: नाही. टाइल्स त्याच, खेळ वेगळा. तो एकट्याने खेळायचा पेशन्स आहे, १९८१ मध्ये कॉम्प्युटरसाठीच तयार झाला. चित्रं ओळखायची सवय मात्र होते त्याने, तेवढा फायदा घ्या.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. खाण्याचं काय करायचं, आणि हातात काय घेऊन जायचं?

उत्तर: आधीच आंटींना सांगून ठेवा, बौद्ध शाकाहारी जेवण तिथे सगळ्यांना माहीत असतं, त्यात अडचण येत नाही. शरद ऋतूतला कार्यक्रम असेल तर मूनकेक समोर येतील, त्यात खारवलेल्या अंड्याचा बलक आणि डुकराची चरबी दोन्ही असू शकतं, विचारूनच घ्या. सूर्यफुलाच्या बिया, भाजलेले शेंगदाणे, चिनी चहा हे बिनधास्त. चिनी नववर्षाच्या दिवसांत गेलात तर दोन संत्री दोन्ही हातांनी द्यायची पद्धत आहे, नेहमी जोडीने. एरवी घरची शंकरपाळी न्या, डाव चालू असताना बोटं तेलकट न होता खाता येतात, चिवडा नको, टाइल्सना मसाला लागतो. घड्याळ भेट म्हणून कधीच देऊ नका, ते अशुभ मानतात.

प्रश्न: अशा कार्यक्रमात अरहू ऐकून माझी नऊ वर्षांची मुलगी हट्ट धरून बसलीय की मला हेच शिकायचंय. आम्ही अजून दोनेक वर्षांत नाशिकला परत जाऊ. सुरू करावं का? वाद्य विकत घ्यावं का?

उत्तर: सुरू करा. दोन वर्षं हा लहान मुलासाठी मोठा काळ आहे. पण अरहूवर सुरुवातीचे कित्येक महिने आवाज चिरकाच येतो हे तिला आधी सांगा, शेजाऱ्यांनाही सांगा. धीर धरवत नसेल तर गुझेंग बरं, तिथे पहिल्याच दिवशी तार छेडली की सूर सुरात येतो. तरी मुलीने अरहू म्हटलंय तर अरहूच द्या, मुलांना जे वाद्य कानाला लागतं त्यावरच ती टिकतात असं मी बघितलंय.

वाद्य लगेच विकत घेऊ नका, आधी क्लासमध्ये किंवा भाड्याने मिळतं का बघा. घ्यायची वेळ आली तेव्हा एक गोष्ट नीट तपासा. अरहूच्या पेटीवर पारंपरिक पद्धतीने अजगराची कातडी लावलेली असते, आणि अजगर आंतरराष्ट्रीय करारात संरक्षित प्राण्यांत येतो, त्यामुळे असं वाद्य एका देशातून दुसऱ्या देशात न्यायला परवान्याची कागदपत्रं लागतात. तुम्हाला नाशिकला न्यायचंय म्हणजे कृत्रिम पडद्याचंच घ्या. हाँगकाँगच्या चायनीज ऑर्केस्ट्राने अशी वाद्यं स्वतः तयार करून व्यासपीठावर आणली आहेत, तेव्हा ती दुय्यम दर्जाची असतात असं दुकानदाराने सांगितलं तरी ऐकू नका. घेताना मुलीला सोबत न्या, तिच्या मांडीवर बसतं का आणि डावा हात वरच्या खुंट्यांपर्यंत पोचतो का ते बघा. तारा पांढरी एकच्या पट्टीतल्या रे आणि ध वर लावतात, म्हणजे घरच्या पेटीवर लावून देता येतील. राळ जरा जास्तीची आणून ठेवा, नव्या गजाला खूप लागते. आणि नाशिकला गेल्यावर शिक्षक मिळणार नाही म्हणून आत्ताच इथल्या शिक्षकांशी ऑनलाइन शिकवण्याबद्दल बोलून ठेवा, बरेच जण तयार असतात.